जालन्याच्या मस्टँगला नवा एक्झॉस्ट: आवाज येतो कुठून आणि घुमतो कुठे

जालन्याहून एका तरुणाने विचारलं आहे. घरचा सळईचा धंदा, फोर्डची २०१७ची मस्टँग जीटी मुंबईहून सेकंडहँड घेतली, कंपनीचा आवाज मिळमिळीत वाटतो. अमेरिकेहून कॅट-बॅक किट (एक्झॉस्टचा मागचा पाइप आणि मफलर) मागवायचं आहे. सोबत हेडर्स (इंजिनमधून धूर बाहेर काढणारे पुढचे पाइप) घ्यावेत का, पॉवर किती वाढेल, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर रीमॅप करावा लागेल का, आणि जालन्यातला सायलेन्सरवाला हे बसवू शकेल का, असे चार प्रश्न आहेत. शेवटी एक ओळ आहे: "आवाज असा पाहिजे की चौकात माना वळल्या पाहिजेत."

भाऊ, त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. माना वळतील, यात शंका नाही. पण चौकात सगळ्यात आधी वळणारी मान वाहतूक हवालदाराची असते, आणि कायदा त्याच्या बाजूने आहे. मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेन्सरचा. नऊ सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीला कंपनीतून पास होताना आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी कंपनीने दिलेल्या स्वरूपापेक्षा परस्पर बदलता येत नाही. कलम १९०(२) आवाज आणि धुराचं. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स निलंबित. बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पेपरात पाहिलेच असतील. मस्टँगच्या किटवरून रोलर फिरताना बघायला काळीज घट्ट लागेल.

म्हणून माझा साधा नियम: ही गाडी शंभर टक्के कायद्यात ठेवायची असेल तर कंपनीचाच एक्झॉस्ट ठेवा. किट फक्त ट्रॅकसाठी. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, अशा ठिकाणी गाडी नेणारे लोक आहेत. ते तिकडे जाण्याआधी बदलतात, आल्यावर परत जुना चढवतात. बाकी जे करायचं ते तुमच्या जबाबदारीवर, आणि विमा कंपनीला लेखी कळवून. नाहीतर अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकतो आणि क्लेम तिथेच अडकतो.

हे सगळं ऐकूनही आपल्या भागातला माणूस थांबत नाही, हे मला माहीत आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये माझ्याच शहरातल्या, म्हणजे औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) लोकांनी गट करून एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, तेव्हा सगळ्या देशाने डोळे विस्फारले. मी तेव्हाही वाळूज रोडला गाड्यांखालीच होतो. फोर्डने मस्टँग २०१६ साली भारतात आणली, पाच लिटरचा व्ही-८, साधारण ४०० हॉर्सपॉवर, ५१५ न्यूटन-मीटर, फक्त ऑटोमॅटिक. मराठवाड्यात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझ्या रॅम्पवर आजवर चार आल्या. चारही मालकांना आधी आवाजच हवा होता, आणि त्यातल्या तिघांना दोन महिन्यांत तो कमी करून हवा होता. तुमचा नंबर त्या तिघांत लागू नये म्हणून एवढं लांब लिहितोय.

मस्टँगचा आवाज 'तसा' का येतो ते आधी समजून घ्या. पैसे कशावर घालायचे ते त्यावरच ठरतं. क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, दोनदा फिरला, म्हणजे ७२० अंश, की आठही सिलिंडर एकेकदा पेटतात. दर ९० अंशांना एक. इंजिनला ठोके एकसारखेच पडतात. पण आठ सिलिंडर दोन रांगांत चार-चार आहेत, आणि प्रत्येक रांगेची पुंगळी वेगळी. या इंजिनची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-४-८-६-३-७-२ अशी आहे. फोर्डच्या मोजणीत १ ते ४ एका बाजूला, ५ ते ८ दुसऱ्या बाजूला. आता टेबलावर दोन हात ठेवा, १ ते ४ साठी उजवा, ५ ते ८ साठी डावा, आणि एका लयीत वाजवा: उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा, डावा, उजवा. आणि पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे परत उजवा. मध्ये डावा दोनदा लागोपाठ पडला, शेवटाला-सुरुवातीला उजवा दोनदा. दोन्ही हात मिळून लय सरळ आहे, पण नुसत्या उजव्या हाताकडे कान दिला तर ठोके १८०, २७०, १८०, ९० अंश अशा अंतराने पडतात. लंगडत. हलगीवाला मुद्दाम एक ठोका लांबवतो आणि पुढचा चटकन घेतो, तसं. मस्टँग उभी असताना जी गुरगुर ऐकू येते ती ही लंगडी चाल आहे. फेरारीच्या व्ही-८चा क्रँक वेगळ्या बनावटीचा, त्यामुळे तिथे दोन्ही हात आलटूनपालटून पडतात आणि आवाज किंचाळत वर जातो.

मग दोन्ही पुंगळ्या मध्ये कुठेतरी एकमेकींना जोडल्या की काय होतं? आडवी छोटी नळी टाकून एच आकाराने जोडल्या तर दाब थोडासा इकडून तिकडे जातो, पण लंगडेपणा बराचसा शिल्लक राहतो. आवाज खोल, जुन्या अमेरिकन गाडीसारखा घुमतो. दोन्ही पाइप एक्स आकारात एकमेकांत मिसळले तर ठोके सारखे होत जातात, आवाज घट्ट होतो, वरच्या आरपीएमला थोडा तीक्ष्ण. तुम्ही मोबाइलवर पाहिलेल्या दहा व्हिडिओंत दहा आवाज आले असतील, त्यातला अर्धा फरक या एका तुकड्याचा असतो. उरलेला मफलरचा, म्हणजे आवाज दाबणाऱ्या डब्याचा. आणि मोबाइलच्या माइकचा, जो खालचा घुमारा गिळून टाकतो आणि फक्त वरची कडकड ऐकवतो. व्हिडिओ बघून किट ठरवू नका. कुणाची गाडी पुण्या-मुंबईत असेल तर तिच्यात मागच्या सीटवर बसून या. हो, मागच्या सीटवर. कारण पुढे येईलच.

मफलर मुख्यतः दोन जातीचे. एकात आतून पत्र्याचे कप्पे असतात, आवाज त्यांच्यावर आपटून कमी होतो. दुसऱ्यात सरळ जाळीदार नळी आणि तिच्याभोवती काचलोकर किंवा तसलंच भरण. सरळ नळीचा मफलर नवा असताना मऊ वाटतो, पण भरण हळूहळू जळून, उडून जातं आणि दोन-तीन वर्षांत तोच मफलर चढ्या आवाजात बोलू लागतो. म्हणून आज जेवढा हवा त्यापेक्षा एक पायरी शांत घ्या. आणखी एक, डेसिबलचा हिशेब बेरजेचा नाही. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. कॅटलॉगमध्ये 'फक्त ८ डेसिबल जास्त' लिहिलेलं असतं, ते 'फक्त' नसतं.

आपल्याकडे बुलेटवाल्यांनी एक समजूत पसरवून ठेवली आहे की जाळी काढली की झालं. बुलेटला एकच सिलिंडर, इंदोरी लावा नाहीतर पंजाबी, फटफट ती फटफट. व्ही-८चे मफलर कापून सरळ पाइप टाकला तर उभ्या गाडीत दोन मिनिटं छान वाटतं. नंतर ते ट्रॅक्टर आणि डंपर यांच्या मधलं काहीतरी ऐकू येतं.

आता पॉवर. कॅट-बॅक म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (थोडक्यात कॅटच्या) मागचा सगळा पाइप बदलणं. फोर्डने हा भाग मुळातच बऱ्यापैकी मोकळा दिला आहे, त्यामुळे अशा बदलाने फार तर पाच-दहा हॉर्सपॉवरचा फरक पडतो, तोही वरच्या आरपीएमला. ४०० मध्ये पाच-दहा. मे महिन्यात जालन्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा हवा विरळ होऊन इंजिन त्याहून जास्त ताकद गमावतं, आणि ती गेलेली कुणाला कळतही नाही. मग ही वाढलेली कशी कळणार? आवाजामुळे गाडी पळाल्यासारखी वाटते, एवढंच. त्या वाटण्यालाही किंमत आहे, मी नाही म्हणत नाही, पण ते हॉर्सपॉवर म्हणून विकत घेऊ नका.

इथे मेकॅनिक लोकांतला एक जुना वाद सांगून टाकतो. "बॅकप्रेशर गेलं की पिकअप जातो." अर्धं खरं. दाब अडवून कुठल्याच इंजिनचं भलं होत नाही. गरज असते ती गॅसच्या वेगाची. एका सिलिंडरमधून सुटलेला लोट पुढे पळताना मागे पोकळी ठेवतो आणि पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घेतो. पाइप फाजील जाड केला की लोट मंदावतो, ओढ कमी होते, खालचा टॉर्क पडतो. म्हणजे 'जितका जाड तितका चांगला' हेही चूक आणि 'कोंडलेला बरा' हेही चूक.

हेडर्स घेऊ नका. तीन कारणं आहेत, पहिलंच पुरेसं आहे: तुमची गाडी उजव्या स्टेअरिंगची. मस्टँग २०१५च्या पिढीपासून पहिल्यांदा कंपनीतून उजव्या स्टेअरिंगमध्ये आली, पण अमेरिकेत विकले जाणारे लांब हेडर्स डाव्या स्टेअरिंगची जागा धरून वाकवलेले असतात. तुमच्याकडे स्टेअरिंगचा दांडा नेमका त्यांच्या वाटेत येतो. मी एकाला तो दीड लाखाचा खोका न उघडता परत पाठवायला लावला. दुसरं, त्या हेडर्सबरोबर बहुधा कॅट जातात. कॅट गेले की मागच्या ऑक्सिजन सेन्सरला फरक कळतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४२० आणि पी०४३० ही जोडी येते, पीयूसीला गाडी अडते आणि गॅरेजच्या दारात उभी केली तरी घरभर पेट्रोलचा वास. तिसरं, मी ते बसवत नाही. रस्त्यावरच्या गाडीचा कॅट मी काढत नाही, कुणी किती पैसे देवो.

ईसीयूचं उत्तर त्यातच आलं. नुसत्या कॅट-बॅकला रीमॅप लागत नाही. आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर आणि पुढचे ऑक्सिजन सेन्सर दोन्ही जिथल्या तिथे असतात, त्यांना मागच्या बदलाचं काही देणंघेणं नाही. "रीमॅप केल्याशिवाय इंजिन जाईल" असं कुणी सांगत असेल तर तो लॅपटॉप विकत घेऊन बसलेला आहे, त्याचा हप्ता तुम्ही फेडू नका.

किट मागवताना वर्ष बघा. २०१८ पासून जीटीच्या मागच्या बंपरला चार नळ्यांची जागा आली, तुमच्या गाडीला दोनच. २०१८चं किट तुमच्या बंपरला बसणार नाही. अमेरिकेत हे किट हजार ते दोन हजार डॉलरला मिळतं, पण खोका लांबलचक, त्यामुळे भाडं वजनावर नाही, आकारमानावर लागतं. वर कस्टम. म्हणून लोक इकडे 'सेम टु सेम' माल घेतात. त्यासाठी खिशात लोहचुंबक ठेवा. कंपनीचा मूळ पाइप बहुधा ४०९ जातीच्या स्टीलचा असतो, त्याला चुंबक चिकटतं आणि वरून तो तांबूस गंजतो. ३०४ जातीचं स्टेनलेस म्हणून विकलेल्या पाइपला चुंबक चिकटलं तर तो ३०४ नाही. (वाकवलेल्या जागी किंचित ओढ जाणवते, ती सोडा. सरळ भागावर बघा.) तुम्ही तर स्टीलच्याच गावचे, हे तुम्हाला सांगायला नको.

आता बसवणं. जालन्यातला सायलेन्सरवाला बसवू शकेल का? बोल्ट खोलणं-आवळणं कुणीही करेल. पण जिथे वेल्डिंग येईल तिथे थांबा. आपल्या नेहमीच्या दुकानात आर्क नाहीतर गॅस वेल्डिंग करतात, आणि स्टेनलेसला ते भाजून काढतं. हवं ते आर्गॉन वेल्डिंग, तेही पाइपच्या आतून आर्गॉन सोडून. नाहीतर बाहेरून टाका सुंदर दिसतो आणि आतून काळी, खरखरीत, साखरेच्या दाण्यासारखी पपडी धरते, तिथूनच पुढे तडा जातो. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. वाळूज-शेंद्र्याकडे बिअरचे आणि औषधांचे कारखाने आहेत, त्यांच्या स्टेनलेस पाइपलाइन जोडणारे वेल्डर इथे आहेत. त्यांच्या कामात आतली पपडी चालतच नाही. माझ्याकडे येणारा वेल्डर दिवसभर बिअरच्या लाइनी जोडतो आणि रविवारी माझं काम करतो. ३०४ला ३०४ जोडताना ३०८एलची शिक, ३०४ला कंपनीचा ४०९ जोडताना ३०९एल, हे त्याला विचारावं लागत नाही. आणि गाडीवर फक्त टॅक (पाइप जागेवर धरणारा छोटा टाका) मारायचा, तोही बॅटरीची तार काढून. पूर्ण टाका पाइप खाली उतरवून टेबलावर.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. एक्झॉस्टच्या नट-बोल्टवर आदल्या संध्याकाळी डब्ल्यूडी-४० मारून ठेवा, सकाळी परत एकदा. जाम झालेला बोल्ट जोर लावून मोडला तर पुढचे तीन तास ड्रिल आणि शिव्या. रॅम्प नसेल तर चार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) गाडी घ्या. नुसत्या जॅकवर अंग गाडीखाली घालू नका. बाजूला पोरगा जॅक धरून उभा आहे म्हणून चालत नाही. जुना एक्झॉस्ट सोडताना आधी खालून आधार लावा, मग मागचे रबर काढा, मग पुढचे क्लॅम्प. उलट केलं तर सगळं धूड एकदम अंगावर येतं. रबर निघत नसतील तर साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑइल नको, रबर फुगून सैल पडतं. कापायची वेळ आली, काही किटमध्ये येते, तर जुना पाइप उद्या बाही घालून परत जोडता येईल अशा सरळ जागी कापा. वळणावर कापलेला पाइप भंगारात गेला समजा.

नवीन किट पुढून मागे जोडत यायचं, आणि सगळे क्लॅम्प हातानेच, सैल. इथे मी एकदा मार खाल्ला आहे. २०१९ची गोष्ट, गाडी एका व्यापाऱ्याची, त्याला संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. मी घाईत पुढचे क्लॅम्प आधीच कडक आवळले. मागे टोकं बंपरच्या कटआउटमध्ये आली, डावीकडे थोडी जास्त जवळ, बोटभर जागा राहिली. थंड गाडीला बोटभर पुरेसं वाटलं. गाडी कन्नडचा घाट उतरून-चढून आली तेव्हा डाव्या बाजूचं काळं प्लास्टिक वितळून मेणबत्तीसारखं लोंबत होतं. बंपरचा तो तुकडा माझ्या खिशातून गेला, आणि तो यायला दीड महिना लागला.

चूक हिशेबाची होती. ३०४ स्टील गरम झालं की बरंच वाढतं. तीन मीटरचा पाइप तीनशे अंशांनी तापला तर साधारण दीड सेंटीमीटर लांबतो. कंपनीचा ४०९ त्याच तापाला एक सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे नवीन पाइप मागे आणि बाजूला जुन्यापेक्षा जास्त सरकणार, रबर ताणले जाणार, टोक जिकडे मोकळीक मिळेल तिकडे जाणार. तेव्हापासून मी थंड गाडीत सगळं सैल जोडतो, टोकं मधोमध घेऊन थोडी आत ठेवतो, क्लॅम्प अर्धे आवळतो, गाडी वीस मिनिटं चालू ठेवतो, गरम असताना टॉर्चने सगळीकडून बघतो, खुणा करतो, थंड झाल्यावर खुणेप्रमाणे सरकवून मग कडक आवळतो. दिवस जातो, जाऊ द्या.

पहिल्यांदा चालू करण्याआधी पूर्ण पाइप थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. तेलकट बोटांचे ठसे तापल्यावर स्टीलवर कायमचे उमटतात. पुसूनही पहिली पंधरा मिनिटं पाइपवरून धूर निघेल, ते फॅक्टरीचं ऑइल जळतंय. घाबरून गाडीवर पाणी मारणारे मालक मी पाहिले आहेत.

लीकेज शोधायला महागडं यंत्र लागत नाही. माझ्याकडे त्यासाठी उदबत्तीचा पुडा असतो. गाडी थंड असताना चालू करायची, पोराने मागे जाड ओलं फडकं टोकावर सैलसर धरायचं, आणि आपण पेटलेली उदबत्ती एकेका सांध्याभोवती फिरवायची. धुराची रेघ सरळ वर जात असेल तर सांधा ठीक. कुठे रेघ थरथरली, फाटली, एकदम बाजूला झाली, तिथे फुंकर आहे. उदबत्ती सांध्याला आणि रबराला टेकू द्यायची नाही, आणि जवळपास पेट्रोलचा डबा, डब्ल्यूडी-४०चा स्प्रे काहीही नको. कुणाला भीती वाटत असेल तर इंजिन बंद ठेवून व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू टोकात लावा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे सांगतात. बारीक लीकेज आवाजात टिक-टिक होऊन येतं आणि लोक टॅपेटचा आवाज समजून इंजिन उघडायला निघतात.

आता ती मागची सीट. मी म्हणालो की तिघांनी आवाज कमी करून मागितला, त्यातला एक समृद्धीवरून नागपूरला गेला होता. मागे आई बसलेली. १२० ला क्रूझ लावला, आरपीएमचा काटा दोन हजारांच्या आसपास, आणि गाडीच्या आत एकच घुं-घुं, न थांबणारं. वेरूळच्या लेण्यात ओम म्हटल्यावर येतं तसं, फक्त चार तास. नागपूरला पोचेपर्यंत आईचं डोकं धरलं, परत येताना त्या ट्रेनने आल्या. पोराने दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या दारात आणून लावली. "काका, आई म्हणते, आधीचा सायलेन्सर का काढला म्हणून. मला काय सांगावं ते सुचंना."

हा घुमारा लीकेजमुळे नसतो, आणि मफलर महाग घेऊनही येऊ शकतो. व्ही-८ला दर फेऱ्याला चार ठोके, म्हणजे १,८०० आरपीएमला सेकंदाला १२० ठोके, १२० हर्ट्झ. दोन हजारांना १३३. नेमक्या याच पट्टीत पाइपची लांबी आणि केबिनची पोकळी सूर धरतात. यावर इलाज आहे आणि तो देखणा आहे: मुख्य पाइपला एक बंद तोंडाची पुंगळी जोडायची, जिची लांबी त्या सुराच्या लाटेच्या पाव भाग असेल. आवाज तिच्यात शिरतो, तळाला आपटून परत येतो, तोवर अर्धी लाट उलटलेली असते, आणि तो मूळ आवाजालाच खातो. मफलर काही अडवत नाही, बाकीचे सूर जसेच्या तसे, फक्त तो एक सूर गायब.

लांबी काढायला आवाजाचा वेग लागतो. तीनशे अंशांच्या गॅसमध्ये तो सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास. ४८० भागिले १२०, भागिले चार, म्हणजे एक मीटर. मी पहिल्यांदा बरोबर एक मीटरची पुंगळी केली आणि घुमारा जरासाच कमी झाला, तोही चुकीच्या आरपीएमला. डोकं खाजवल्यावर कळलं: बंद पुंगळीतून गॅस वाहत नाही, तो तिथे उभा असतो, म्हणून थंड असतो. थंड गॅसमध्ये वेग कमी, लाट आखूड. मग पुंगळीला आतबाहेर सरकणारं झाकण क्लॅम्पने लावलं, आणि मालकाला गाडी चालवायला लावून मी मागच्या सीटवर. सावंगीच्या इंटरचेंजवरून समृद्धीला लागायचं, पुढच्या इंटरचेंजला उतरून परत यायचं, झाकण थोडं आत, परत फेरी. चौथ्या फेरीला ८८ सेंटीमीटरवर घुमारा गेला. टोल त्यालाच भरायला लावला. मग झाकण वेल्डिंगने पक्कं केलं. दोन्ही बाजूंना एकेक. तुमच्या किटला आकडा वेगळा येईल, पण एक मीटरपेक्षा आखूडच येईल हे धरून चाला. काही किटमध्ये ही पुंगळी आधीपासून दिलेली असते. दोनांत निवडायचं असेल तर तेच घ्या.

खड्ड्यांचं आणि गतिरोधकांचं वेगळं सांगत नाही, गाडी बुटकी आहे हे तुम्हाला गावात शिरताना रोज कळत असेल. नवीन मधला पाइप जुन्याच्या खाली लोंबत नाही ना, एवढं पट्टी लावून बघा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पाइपवर थापला जातो आणि गरम पाइपवर विटेसारखा भाजतो. तो ओला असतानाच पाण्याने धुवा. आणि शेतात गाडी नेलीत तर कडब्यावर, वाळल्या गवतावर उभी करू नका. कॅट चारशे-पाचशे अंशांवर असतो, बंद केल्यावरही बराच वेळ. उन्हाळ्यात एवढ्यावर कडब्याची गंजी पेटते.

काम झाल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून या, क्लॅम्प परत एकदा आवळावे लागतात. येताना आधीचा आणि नंतरचा आवाज मोजून देतो: टोकापासून अर्धा मीटर, ४५ अंशांच्या कोनात, दोन्ही वेळेला एकाच आरपीएमला. मोबाइलच्या ॲपवर नाही, माझ्याकडे मीटर आहे. आकडा फार वर गेला तर मीच म्हणेन की काढा.

आणि जुना एक्झॉस्ट भंगारवाल्याला देऊ नका, कुणी किलोवर कितीही भाव देवो. विकताना लागतो, पासिंगला लागतो, मन बदललं तर लागतो. गोदामात ठेवा, आडवा नको, भिंतीला टेकवून उभा, आणि सगळ्या तोंडांना जाड कापड सुतळीने घट्ट बांधून. माझ्या एका गिऱ्हाइकाने तो सरकीच्या पोत्यांशेजारी उघडाच ठेवला होता. दोन वर्षांनी परत चढवला, सेल मारला, आणि डाव्या टोकातून उंदराचं अख्खं घरटं फरशीवर येऊन पडलं.